काढा नेमका किती उकळायचा?

खलबत्ता
पाऊस ओसरतोय, ऑक्टोबरची उष्णता सुरू होतेय आणि घरोघरी शिंकांची आरती चालू आहे. काढ्याच्या कृती शोधल्या तर शंभर सापडतात, पण एकीतही धड माप नाही. 'थोडं आलं, जराशी मिरी, चार-दोन तुळशीची पानं, पाणी आटेपर्यंत उकळा.' आटेपर्यंत म्हणजे किती? सगळं आटलं तर पातेलं घासण्याशिवाय काय उरणार?

मला तीन गोष्टी हव्यात. औषधाला पाणी किती आणि त्यातलं किती आटवायचं? झाकण ठेवायचं की नाही? आणि काढा प्यायल्यावर बऱ्याच जणांच्या छातीत जळजळ होते, ती कशाने? 'आमच्याकडे पूर्वापार असंच करतात' यापुढचं उत्तर मिळालं तर बरं.

वाटीभर
माप सोपं आहे. पिणाऱ्याचं तोंड जितकं वाकडं, तितका काढा पक्का.

सुंठसाखर
शारंगधर संहितेत माप स्वच्छ दिलंय: कुटलेल्या औषधाच्या सोळा पट पाणी आणि आटवून आठवा हिस्सा शिल्लक. पण रोजच्या वापरात बहुतेक वैद्य चौथा हिस्सा ठेवायला सांगतात. आकड्यात बोलायचं तर १० ग्रॅम भरड, १६० मिली पाणी, उरवायचं ४० मिली. सोळा पट पाणी हे मुळ्या, साली, काष्ठं अशा कठीण द्रव्यांसाठी. मध्यम द्रव्यांना आठ पट, कोवळ्या पानाफुलांना चार पट.

यावरून कळेल की चार कप पाण्यात चिमूटभर मसाला टाकून तीन कप उरवणं हा काढा नव्हे, तो बिनदुधाचा मसाला चहा. प्यायला हरकत नाही, फक्त त्याला काढा म्हणून वर 'काही गुण आला नाही' म्हणू नये.

दोन चुका नेहमी दिसतात. पहिली, औषधाची वस्त्रगाळ पूड वापरणे. पूड तळाशी बसते, लागते, करपट वास येतो आणि शेवटी गाळता गाळत नाही. भरडच हवी, जाडसर रव्यासारखी. दुसरी, आटलं किती हे डोळ्यांनी ठरवणे. पातेल्यात आधी ४० मिली पाणी मोजून घाला, लाकडी काडी उभी बुडवून पेन्सिलीने खूण करा, मग उरलेलं १२० मिली ओता. उकळताना काडी बुडवून बघायची, खुणेवर आलं की गॅस बंद. पातेलं अरुंद घ्या, पसरट तळात ४० मिलीची खूण कळतच नाही.

पानसुपारी
सुंठसाखर, काडीची युक्ती भारी! पण एवढं ४० मिलीच प्यायचं? मग घसा शेकणार कसा?

सुंठसाखर
घसा शेकायला गरम पाणी आहे की. काढा ही मात्रा आहे, पेय नाही.

फोडणीची_चिमटी
इथे मला थोडा वाद घालायचाय. वरचं माप सुंठ, ज्येष्ठमध, हरडा, गोखरू यांना बरोबर. पण आपल्याकडे 'काढा' म्हणून जे उकळतात त्यात निम्मं सामान सुगंधी असतं: तुळस, गवती चहा, पुदिना, ओवा, लवंग, वेलची. यांचा गुण मुख्यतः उडनशील तेलात. ते वाफेबरोबर निघून जातं. स्वयंपाकघरात घमघमाट सुटला आणि सगळे 'वा, काढा झाला' म्हणाले, तर समजा काढ्यातलं तेवढं हवेत गेलं.

आयुर्वेदातच यावर उपाय आहे, पण आपण विसरलो. त्याला फांट म्हणतात: उकळतं पाणी कुटलेल्या औषधावर ओतायचं, झाकायचं, मुरलं की गाळायचं. आणि तिसरा प्रकार हिम, म्हणजे सहा पट थंड पाण्यात रात्रभर भिजवून सकाळी गाळणे. धन्यांचं हिम घ्या: १० ग्रॅम धने ठेचून ६० मिली पाण्यात रात्रभर, सकाळी खडीसाखर घालून. उन्हाळी लागली की आज्या हेच देत. धने उकळले तर तो थंडावा उरत नाही, असं जुनं म्हणणं. (लघवीची जळजळ दोन दिवसांत गेली नाही किंवा सोबत ताप, थंडी असेल तर धन्यांचं पाणी पीत बसू नका, लघवी तपासा.)

म्हणून मिश्र काढ्यात क्रम पाळायचा. आधी कठीण सामान मंद आचेवर उकळून आटवायचं. गॅस बंद. मग तुळस हाताने चुरून आणि गवती चहा कात्रीने कापून घालायचा, घट्ट झाकण, ७-८ मिनिटं. झाकण काढताना त्याच्या आतल्या बाजूचे थेंब पातेल्यातच पडू द्या, वास त्यातच असतो.

तांब्याभांडं
म्हणजे खलबत्ता यांच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'दोन्ही'. काष्ठौषधीचा काढा झाकण न ठेवता करावा असंच परंपरेत सांगितलंय, झाकलेलं पाणी पचायला जड होतं म्हणून. तसंही झाकण ठेवलं तर पाणी आटणार कधी? झाकायचं ते गॅस बंद केल्यावर.

भांड्याबद्दलही सांगतो. कल्हई उडालेल्या पितळेत किंवा नुसत्या तांब्यात काढा करू नका, विशेषतः आवळा, आमसूल किंवा लिंबू असेल तर. आंबटाने तांबं सुटतं आणि मळमळ होते, मग दोष काढ्याला. अॅल्युमिनियमलाही आंबट नको. मातीचं भांडं उत्तम, नसेल तर साधं स्टील.

मिरमिरे
तिसरा प्रश्न माझा आवडता, कारण याचं उत्तर बहुतेक वेळा पातेल्यातच तरंगत असतं.

२०२० मध्ये आयुष मंत्रालयाने काढ्याचं जे मिश्रण सुचवलं ते आठवा: तुळस ४ भाग, दालचिनी २, सुंठ २, काळी मिरी १. त्याची भरड ३ ग्रॅम, पाणी १५० मिली, दिवसातून एकदा किंवा दोनदा. नीट बघा, नऊ भागांत मिरी एकच. ३ ग्रॅममध्ये मिरी आली साधारण एक तृतीयांश ग्रॅम, म्हणजे सहा-सात दाणे. घरोघरी काय झालं? तुळस हाताशी नव्हती म्हणून ती कमी, मिरी डब्यात होती म्हणून ती जास्त. वर लवंग, वर ओवा, वर लसूण, आणि दिवसातून चार वेळा. तोंड आलं, जळजळ झाली, मूळव्याध उठली.

अजून एक गोष्ट. आलं आणि सुंठ एकास एक बदलत नाहीत. ओल्या आल्यात सुमारे ८० टक्के पाणी असतं. शिवाय वाळताना त्यातल्या जिंजेरॉलचं शोगाओल होतं, जे जास्त तिखट. कृतीत 'एक चमचा किसलेलं आलं' असेल आणि तुम्ही एक चमचा सुंठपूड घातलीत तर पोटात भट्टी लागणारच. चमचाभर आल्याला पाव चमचा सुंठ पुरे.

ज्यांना आम्लपित्त आहे त्यांनी रिकाम्या पोटी नको, जेवणानंतर तासाभराने. मिरी, लवंग वगळा. पुदिनाही वगळा, थंड वाटला तरी तो अन्ननलिकेच्या खालची झडप सैल करतो आणि आंबट वर येतं.

वाटीभर
थोडक्यात, करोनापेक्षा काढ्याने जास्त लोक घरात बसवले.

ज्वारीची_भाकरी
वाटीभर, हलकं घ्या पण हे निम्मं खरं आहे.

ज्येष्ठमधाबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. गोड लागतो म्हणून काढ्यात मूठभर टाकतात, काही जण दिवसभर काडी चघळतात. त्यातलं ग्लिसिरायझिन मूत्रपिंडातल्या एका एन्झाइमला अडवतं, त्यामुळे शरीरातलं कॉर्टिसोल मीठ-पाणी धरून ठेवायला लागतं आणि पोटॅशियम बाहेर जातं. परिणाम: रक्तदाब वाढतो, पाय सुजतात, अशक्तपणा येतो. घसा बसलाय म्हणून दोन-चार दिवस बोटाच्या पेराएवढी काडी ठीक. रक्तदाबाच्या किंवा लघवी जास्त होण्याच्या गोळ्या चालू असतील, हृदयाचा त्रास असेल किंवा दिवस गेले असतील तर अजिबात नको. 'नैसर्गिक आहे, अपाय काय होणार' हे वाक्य ज्येष्ठमधाला लागू नाही.

पोफळी
दालचिनीचंही तेच. बाजारात मिळते ती बहुतेक कॅशिया: जाड, कडक, एकच वळी. तिच्यात कुमारिन जास्त, आणि ते रोज जास्त गेलं तर यकृताला जड. खरी दालचिनी पातळ, अनेक पदरांची विडीसारखी गुंडाळी, बोटाने चुरली जाते. कोकणात लागवड आहे, दापोलीच्या कृषी विद्यापीठाने कोकण तेज नावाची जातही दिली आहे. महिनोन्महिने रोज काढा घेणार असाल तर पातळ पदरांची शोधा. वर्षातून आठ दिवस घेणाऱ्याने डोकं शिणवू नये.

कुळागर
तुम्ही लोक काढा म्हणजे शिक्षा समजता. गोव्यात आम्ही कसाय म्हणतो आणि ते आवडीने पितो. धने ४ वाट्या, जिरं २ वाट्या, बडीशेप १ वाटी, मेथी १ चमचा, मिरी २ चमचे, थोडी सुंठ आणि वेलची. प्रत्येक जिन्नस वेगळा, मंद आचेवर कोरडा भाजायचा. मेथी लाल झाली की कसाय कडू, म्हणून तिला बदामी रंगावर उतरवायचं. गार झाल्यावर दळून बरणीत. कपभर पाण्याला एक चमचा पूड, ३ मिनिटं उकळी, गूळ, हवं तर दूध. गरम असताना दळलं तर पूड ओलसर होते आणि महिन्यात वास धरते, ही एकच मेख.

पानसुपारी
कुळागर, धने भाजून मग उकळायचे? फोडणीची_चिमटी यांना चक्कर येईल.

फोडणीची_चिमटी
नाही येणार. कसाय हे रोजचं पेय, चहाऐवजी. त्याला औषधाची फूटपट्टी कशाला लावायची? चवीसाठी भाजलेलंच बरं.

नागमोडी
गूळ घालताना दूध फाटतं त्यावर काही? आणि आल्याच्या दुधाचंही तेच होतं.

मिरमिरे
दोन वेगळी कारणं. गुळात आम्लता असते आणि क्षारही, उकळत्या दुधात पडला की दूध फाटतं. गॅस बंद करा, दोन मिनिटं थांबा, मग गूळ घाला आणि परत उकळू नका.

ओल्या आल्यात प्रथिनं तोडणारं एन्झाइम असतं आणि ते कोमट ते गरम, साधारण ६०-७० अंशाच्या दुधात जोरात काम करतं. म्हणून कोमट दुधात आलं किसलं की खरवसासारखं घट्ट होतं. आलं आधी पाण्यात दोन मिनिटं खळखळ उकळा, मग दूध घाला.

हळदीच्या दुधाचं माप इथेच देतो: १५० मिली दूध, पाव चमचा हळद, एक-दोन मिरे ठेचून, अर्धा चमचा तूप (दूध सायीचं असेल तर नको). तीन-चार मिनिटं उकळा, नाहीतर कच्चट वास राहतो. हळदीत कर्क्युमिन साधारण ३ टक्के, तेही पाण्यात विरघळत नाही, म्हणून स्निग्ध पदार्थ, आणि ते अंगात जास्त शोषलं जावं म्हणून मिरी. यामुळे आजार पळतो असं नाही, झोपायच्या आधी घशाला बरं वाटतं एवढं नक्की.

पोफळी
हळकुंडं आणून दळून घेणाऱ्यांसाठी: सांगली असो की वसमत, हळकुंड ओल्या अंगठ्याने चोळून बघा. लगेच भडक पिवळा रंग सुटला तर ते वरून रंगवलंय. चकाकी आणायला लेड क्रोमेट लावतात, म्हणजे शिसं. फिकट, मळकट दिसणारं हळकुंड घ्या.

देवराई
गुळवेलीवर लिहू का? भांडण होईल.

वाटीभर
लिहा लिहा, पॉपकॉर्न तयार आहेत.

देवराई
२०२१ मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर कावीळ झालेल्या ६ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाचा आक्षेप असा की रुग्णांनी घेतलेली वनस्पती गुळवेलच होती हे तपासलंच नाही, तिच्यासारखीच दिसणारी दुसरी जातही असते. दोन्ही बाजू ऐकल्या तरी घरच्या माणसाने काय करायचं ते एकच: ओळख पटल्याशिवाय वेल तोडू नका. गुळवेलीचं पान हृदयाकृती आणि गुळगुळीत, खोडावरची कागदासारखी साल नखाने काढली की आत हिरवं, आडवं कापलं की चाकाच्या आऱ्यांसारखी नक्षी. खोडभर दाट फोडांसारख्या गाठी असतील तर ती दुसरी जात समजा आणि सोडून द्या.

घ्यायचीच तर करंगळीएवढी जाड काडी, चार बोटं लांब, ठेचून, काही दिवस, वैद्याला विचारून. 'प्रतिकारशक्तीसाठी' वर्षभर नको. आमवात, थायरॉइडसारखे शरीर स्वतःवरच उलटण्याचे आजार असतील किंवा यकृताचा जुना त्रास असेल तर नकोच. भूक मेली, लघवी गडद झाली, अंगाला खाज सुटली तर त्या दिवशी बंद करून रक्त तपासा. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर साखर अधिक उतरू शकते, तेही बघा.

सुंठसाखर
देवराई, भांडण झालं नाही. सहमत.

खोकल्याला गुळवेलीपेक्षा अडुळसा बरा. पण लोक पानं मिक्सरला लावतात आणि रस निघत नाही म्हणून पाणी ओततात. अडुळशाची पानं मुळातच कोरडी. पुटपाक (पानांना आच देऊन मग रस पिळणं) करायचा, त्याची सोपी घरगुती रीत अशी: १०-१२ पिकलेली पिवळसर पानं धुऊन, इडलीपात्रात १० मिनिटं वाफवून, ठेचून, फडक्यातून पिळायची. दोन-तीन चमचे रस निघतो. कोमट झाल्यावर मध घालून मोठ्या माणसाला दोनदा विभागून. यातल्या व्हॅसिसीनवरूनच ब्रोमहेक्झिन आणि पुढे अँब्रोक्सॉल ही कफ पातळ करणारी औषधं आली, तेव्हा दुकानातलं सिरप आणि हा रस एकदम घेऊ नका. गरोदरपणी अडुळसा वर्ज्य, गर्भाशय आकुंचन पावतं.

ज्वारीची_भाकरी
मधाचा विषय निघालाच आहे तर: एक वर्षाखालच्या बाळाला मध बोटाला लावूनही नको. मधात बॉट्युलिझमच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि बाळाच्या आतड्यात ते रुजतात. काढा उकळल्यावर ते मरतील ही समजूत चूक, ते साध्या उकळीला दाद देत नाहीत. वर्षावरच्या मुलाला रात्रीच्या खोकल्याला अर्धा ते एक चमचा मध चांगला लागू पडतो.

परदेशी_पाटील
इकडे तुळस मिळत नाही, सुपरमार्केटमधली बेसिल चालेल का? आणि नाक चोंदल्यावर जलनेती करावी म्हणतोय, माप सांगा.

फोडणीची_चिमटी
ती बेसिल म्हणजे आपल्या सब्जाच्या जातीची. पास्त्याला चालेल, काढ्याला वेगळा वास येईल. सुंठ-धने पुरेत.

तांब्याभांडं
जलनेती: अर्धा लिटर पाण्याला साडेचार ग्रॅम मीठ, म्हणजे सपाट पाऊण चहाचा चमचा. कमी मीठ झालं तर नाकात मिरची लागल्यासारखं होतं, जास्त झालं तरी आग होते. बिनआयोडीनचं बारीक मीठ घ्या. पाणी एक मिनिट खळखळ उकळून झाकून कोमट केलेलं किंवा बाटलीतलं डिस्टिल्ड. फिल्टरचं, आरओचं चालत नाही. नळाच्या पाण्यातला नेग्लेरिया नावाचा अमीबा नाकावाटे मेंदूत जातो. अमेरिकेत लुइझियानात २०११ मध्ये नेतीपात्रात नळाचं पाणी वापरून दोघे दगावले. गिळलं तर काही होत नाही, नाकात गेलं तर वाचणं अवघड.

बेसिनवर वाका, मान तिरकी, तोंडाने श्वास, वरच्या नाकपुडीत तोटी. मध्येच बोललात किंवा गिळलंत तर पाणी कानाकडे जातं. झाल्यावर पुढे वाकून हलके उच्छ्वास करा, दोन्ही नाकपुड्या दाबून जोरात शिंकरू नका. नाक पूर्ण बंद असेल किंवा कान दुखत असेल तर त्या दिवशी नाही.

नागमोडी
वाफ घेणं त्यापेक्षा सोपं.

मिरमिरे
सोपं दिसतं. वाफेने सर्दी लवकर बरी होते याला ठोस आधार नाही, तात्पुरतं मोकळं वाटतं. धोका वाफेचा कमी, पातेलं कलंडण्याचा जास्त. लहान मुलाला चादरीखाली उकळत्या पातेल्यावर बसवू नका. मोठ्यांनीही पातेलं मांडीत किंवा पलंगावर न ठेवता टेबलावर भिंतीला टेकून ठेवावं, पाच मिनिटं पुरेत. आणि कापूर पाण्यात नाही, मुलांच्या नाकाखाली नाही, पोटात तर नाहीच. थोडा कापूर गिळला तरी लहान मुलाला झटके येतात. ओव्याची पुरचुंडी उशाशी ठेवा, तेवढं बस.

खलबत्ता
धाग्याचा काढा चांगलाच आटला. आता मी असं करणार, चूक असेल तर सांगा. सुंठेची भरड अर्धा चमचा, दालचिनी (पातळवाली) अर्धा इंच, मिरे ४, पाणी दोन कप. झाकण न ठेवता एक कप उरेपर्यंत. गॅस बंद, तुळशीची २० पानं चुरून, झाकून ८ मिनिटं. गाळून दोघांत अर्धा-अर्धा कप, जेवणानंतर, दिवसातून एकदा, पाच दिवस. मध कोमट झाल्यावर. उरलेला फ्रीजमध्ये?

सुंठसाखर
माप बरोबर. हा सौम्य काढा आहे, म्हणून निम्माच आटवलात ते योग्य. उरवू नका, लागेल तेवढाच करा. काढा दुसऱ्या दिवशी आंबायला लागतो. फ्रीजमध्ये फार तर रात्रीपर्यंत.

ज्वारीची_भाकरी
थायरॉइडची गोळी सकाळी घेत असाल तर तिच्यानंतर तासभर काढा, दूध काही नाही. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर सुंठ-हळदीचा रोजचा रतीब डॉक्टरांना विचारूनच. आणि खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला तर काढा बाजूला ठेवून थुंकी तपासा, सरकारी दवाखान्यात फुकट होते. दम लागला किंवा थुंकीत रक्त दिसलं तर दोन आठवडेही थांबू नका.

नागमोडी
गाळून उरलेला चोथा परत उकळता येतो का?

सुंठसाखर
रंग येईल, गुण नाही. कुंडीत टाका.

खलबत्ता
केला काल. काडीची खूण अचूक बसली, जळजळ नाही.

वाटीभर
आणि तोंड?

खलबत्ता
डावीकडून किंचित.